काचेच्या पेटीतला मासा

मालवणच्या बाजारात मासळी घेताना कल्ले बघतात तसा डोळाही बघतात. पाणीदार असला म्हणजे मासा ताजा. पण त्या डोळ्यामागे निसर्गाने एक पंप बसवलाय, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं.

बऱ्याच माशांच्या दृष्टिपटलात रक्तवाहिन्याच नसतात, आणि पटलाला प्राणवायू तर भरमसाट लागतो. तो पुरवतं डोळ्यामागचं केशवाहिन्यांचं दाट जाळं. तिथे रक्त आम्लधर्मी होतं, आणि आम्ल लागताच माशाचं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून देतं. माशाच्या डोळ्यातला प्राणवायूचा दाब त्याच्या रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, हे विटेनबर्ग दांपत्याने १९६२ मध्ये दाखवलं.

माणसाची तऱ्हा वेगळी. गर्भात प्राणवायू बेताचाच; भुकेलं पटल एक रसायन सोडतं, त्याच्या ओढीने वाहिन्या कडेपर्यंत पसरत जातात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळात हे काम अर्धवट असतं.

अशा बाळांना आंधळं करणाऱ्या आरओपी या पटलाच्या विकाराची कुळकथा सगळे बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांच्यापासून, म्हणजे १९४२ पासून सांगतात. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये प्राणवायूवर बोट ठेवलं, तोवर हजारो मुलांची दृष्टी गेली होती. मला मात्र ही गोष्ट माशापासून सुरू करावीशी वाटते. काचेच्या पेटीत सढळ प्राणवायू सोडून डॉक्टरांनी बाळाचा डोळा नकळत माशाचा केला. पटलाची भूक भागली, वाहिन्यांची वाढ थांबली. माशाचा पंप जन्मभर चालतो; बाळाची नळी एक दिवस निघते. मग उपाशी पटल पिसाळतं, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि पटलालाच ओढून सोडवतात.

जीवशास्त्रज्ञ हरकत घेतील, की आपल्या हिमोग्लोबिनला ती आम्लाची खोड इतकी तीव्र नाही. मान्य. वंश जुळत नाही, हिशेब जुळतो. पटलातून काहीतरी पाझरत असावं, हा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच केला होता, म्हणून मूळपुरुषाचा मान कुणी त्यांना देईल. मला ते मधला दुवा वाटतात. ते ‘काहीतरी’ म्हणजे भुकेलं पटल सोडतं ते रसायन, व्हीईजीएफ. आज त्याला अडवणारं इंजेक्शन डोळ्यात देतात.

कारण कळल्यावर डॉक्टरांनी प्राणवायू आखडला, त्याचंही मोल पडलं. एक दृष्टी वाचवताना सोळा बाळं दगावली, असा केनेथ क्रॉस यांचा १९७३ मधला अंदाज.

आता मालवण असो की मुंबई, दोन किलोंहून हलक्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आत तपासायचे असतात. गरज पडली तर पटलाचा वाहिन्या न पोचलेला भाग लेसरने जाळतात. तेवढ्या भागाची भूकच मरते.