चित्रपटशिक्षण आणि रहस्यपट : पुण्यातील एक दुर्लक्षित परंपरा

माध्यमविषयाच्या विद्यार्थ्यांना वर्षाअखेरीस पहिला लघुपट करावयास सांगितले, की बहुतेकांच्या संहितेत एक प्रेत हमखास असते. बंद खोली, अर्धवट उघडे दार, जिन्यावरची पावले आणि खुनी कळल्यावर वाजणारे कर्कश संगीत. आम्ही शिक्षक मंडळी यावर नाक मुरडतो. ‘काहीतरी सामाजिक आशय घ्या’ असा सल्ला देतो. मीही तो पुष्कळ वर्षे दिला. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात बाबूराव अर्नाळकरांना ‘लोकप्रिय साहित्य’ या शीर्षकाखाली एका वाक्यात उरकण्याची जी सवय आम्हांला लागली होती, तिचाच हा विस्तार. पुण्याच्या चित्रपटशाळेचा इतिहास थोडा बारकाईने पाहिल्यावर मात्र या सल्ल्याविषयी शंका वाटू लागली.

शाळा निघण्यापूर्वी आपल्याकडे चित्रपट शिकण्याचा मार्ग एकच होता : उमेदवारी. दिग्दर्शकाच्या हाताखाली राबायचे, पाहत पाहत शिकायचे. राज खोसला गुरुदत्तांचे सहायक होते. १९५६ मध्ये त्यांनी ‘सी. आय. डी.’ केला, त्याचे निर्माते गुरुदत्तच. रहस्यपटाची घडण अशी हातोहात पुढे जाई, आणि कधी भाषा ओलांडूनही जाई. राजा परांजपे यांनी जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला. दोन वर्षांनी खोसलांनी त्याचा ‘मेरा साया’ केला. पत्नीचे अंत्यसंस्कार करून बसलेल्या पुरुषासमोर ‘मी तीच’ म्हणणारी स्त्री उभी राहते, हा पेच दोन्हीकडे आहे. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले तर एकच रहस्य दोन कारागीर कसे उलगडतात याचा उत्तम पाठ मिळतो. मराठीतून हिंदीत गेलेल्या या रहस्यपटाचा उल्लेख आपण प्रायः गाण्यांपुरताच करतो, ही आपल्या समीक्षेची गंमत!

१९६० साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली ती प्रभातच्या बंद पडलेल्या स्टुडिओत. याच आवारात शांतारामबापूंनी १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ केला होता. राजगुरूचा तो पडदा व्यापून टाकणारा डोळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना भय कसे रचतात हे निराळे सांगावे लागत नाही. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि पी. के. नायर यांनी जमवलेले जगभरचे चित्रपट विद्यार्थ्यांना पाहता येऊ लागले. उमेदवारीत एकाच गुरूचे काम दिसे. येथे पन्नास गुरूंचे काम दिसू लागले, आणि तेही पुन्हा पुन्हा, थांबून. त्याच सुमारास ऋत्विक घटक येथे शिकवत होते. मणी कौल आणि कुमार शहानी त्यांचे विद्यार्थी. या नावांमुळे संस्थेची जी प्रतिमा रुजली ती संथ, चिंतनशील, काहीशा दुर्बोध चित्रपटांची. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

१९७६ मध्ये विधु विनोद चोप्रा या विद्यार्थ्याने पदविकेसाठी जो लघुपट केला त्याचे नाव ‘मर्डर अ‍ॅट मंकी हिल’. बोरघाटातून रेल्वेने ये-जा करणाऱ्या पुणेकराला हे नाव लगेच ओळखीचे वाटावे. खून करण्यासाठी पैसे घेतलेला मारेकरी आणि त्याचे सावज असलेली तरुणी, असा हा सरळ रहस्यपट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तोही प्रयोगशील लघुपट म्हणून! (पुरस्काराच्या पाकिटात रोख रकमेऐवजी टपालखात्याचे बॉण्ड निघाले म्हणून आपण व्यासपीठावरच लालकृष्ण अडवाणी यांच्याशी हुज्जत घातली, हा किस्सा चोप्रा आजही रंगवून सांगतात.) हीच गोष्ट वाढवून त्यांनी १९८१ मध्ये ‘सजाए मौत’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला.

विद्यार्थ्याला रहस्यपटाची ओढ का वाटते, याचे उत्तर केवळ ‘वय’ असे नाही. हिचकॉकने त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचे जे प्रसिद्ध उदाहरण आहे त्यात ते दडले आहे. माणसे बोलत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवले आणि पात्रांना नाही, तर तेच निरर्थक संभाषण तो जीव मुठीत धरून ऐकतो. दोन्ही वेळी पात्रे, खोली, संवाद तेच. बदलते ते एवढेच, की कोणाला काय, केव्हा ठाऊक आहे. कॅमेरा कोठे ठेवायचा आणि चित्रतुकडा कोठे कापायचा, हे दोन्ही प्रश्न रहस्यपटात या एका प्रश्नापाशी येऊन मिळतात. करुण प्रसंगात संकलन चार चौकटींनी चुकले तर चांगला नट ते सावरून घेतो. रहस्यपटात चूक उघडी पडते. प्रेक्षक दचकला नाही तर नाही. त्यावर भाष्य लिहून उपयोग नसतो. म्हणूनच मला हा प्रकार शिकणाऱ्यासाठी फार प्रामाणिक वाटतो.

या परंपरेत ज्यांचे नाव सर्वांत आधी घ्यायला हवे आणि सर्वांत शेवटी घेतले जाते, त्या रेणू सलुजा. त्यांना दिग्दर्शनाच्या वर्गात प्रवेश मिळाला नाही म्हणून त्या संकलनाकडे वळल्या आणि १९७६ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडल्या. कुंदन शहा त्याच पिढीतले. शहांच्या ‘जाने भी दो यारो’चे (१९८३) संकलन रेणू सलुजांचे आणि छायालेखन त्याच संस्थेतून आलेल्या बिनोद प्रधान यांचे. हा चित्रपट आपण विनोदी म्हणून लक्षात ठेवला आहे. त्याचा सांगाडा मात्र पक्का रहस्यपटाचा आहे. दोन छायाचित्रकार बागेत छायाचित्रे काढतात, ती मोठी करत करत पाहतात आणि खून दिसतो. हा धागा अंतोनिओनीच्या ‘ब्लो-अप’चा (१९६६), आणि शहांनी बागेचे नावच ‘अंतोनिओनी पार्क’ ठेवून ऋण मोकळेपणी मान्य केले आहे. नायकांची नावे विनोद आणि सुधीर : एक चोप्रांवरून, दुसरे सुधीर मिश्रांवरून. द्रौपदी वस्त्रहरणाच्या त्या अजरामर गोंधळात दुःशासन झाले आहेत तेही चोप्राच.

पण हा केवळ शाळकरी सलाम नव्हे. अंतोनिओनीच्या चित्रपटात छायाचित्र जितके मोठे करावे तितका पुरावा विरघळत जातो. खून झाला की नाही हेच कळेनासे होते. शहांच्या मुंबईत पुरावा स्वच्छ आहे. छायाचित्र आहे, प्रेतही आहे, खुनी कोण ते सर्वांना ठाऊक आहे आणि तरीही शिक्षा होते ती विनोद-सुधीरला. पाश्चात्त्य रहस्यपटाचा प्रश्न ‘सत्य कळेल काय’ हा. येथे तो ‘कळून काय होणार’ असा झाला. अभ्यासक्रमात पाहिलेल्या चित्रपटाशी केलेला याहून चांगला वाद माझ्या पाहण्यात नाही.

चोप्रांचा ‘खामोश’ (१९८५) हा पहलगामला चित्रीकरणाच्या तळावर घडणारा खुनाचा चित्रपट. शबाना आझमी आणि अमोल पालेकर त्यात स्वतःच्याच नावाने वावरतात. कसबी आहे, मनात फार रेंगाळत नाही. ‘परिंदा’ (१९८९) रेंगाळतो. कारंज्यापाशी गोळ्या सुटतात आणि कबुतरांचा थवा उसळतो, त्या प्रसंगात भीती आहे ती गोळीत नाही, पंखांच्या फडफडाटात आहे. या चित्रपटासाठी रेणू सलुजांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००० साली त्या गेल्या.

त्यानंतरचा दुवा श्रीराम राघवन यांचा. पुण्यातच वाढलेल्या राघवन यांचा पदविकापट ‘द एट कॉलम अफेअर’ (१९८७) वरवर पाहता प्रेमकथा आहे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा पुरुष क्रीडापानावरच्या टेनिसपटूच्या प्रेमात पडतो आणि मधली पाने ओलांडत तिच्याकडे निघतो. पण उद्या नवा अंक निघणार! घड्याळ लावून दिले की प्रेमकथेतही श्वास रोखला जातो, हे त्या विद्यार्थ्याला कळले होते. या लघुपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘रमन राघव’, ‘एक हसीना थी’ आणि २००७ मध्ये ‘जॉनी गद्दार’. हा शेवटचा त्यांनी विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला आहे. विजय आनंद कोणत्याही चित्रपटशाळेत गेले नव्हते आणि चेस कोणत्याही वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात नाही. शाळेत शिकलेल्या माणसाने शाळेबाहेरच्या गुरूंना केलेले हे वंदन मला विलक्षण वाटते. अर्नाळकरांना असे वंदन आपल्यापैकी कोणी केले?

‘अंधाधुन’ (२०१८) पुण्यात घडतो, आणि त्याचे बीज एका छोट्या फ्रेंच लघुपटातले. आंधळ्याचे सोंग घेतलेला पियानोवादक एका घरात वाजवायला जातो. जमिनीवर प्रेत पडले आहे. ते त्याला दिसते, आपल्यालाही दिसते, मारेकऱ्यांना वाटते त्याला दिसत नाही. तो वाजवत राहतो आणि त्याच्यासमोर, एक शब्द न बोलता, प्रेत हलवले जाते, रक्त पुसले जाते. टेबलाखालचा बॉम्ब तो हाच. त्या प्रेताच्या भूमिकेत अनिल धवन आहेत, याच संस्थेच्या अभिनयवर्गाचे जुने विद्यार्थी.

यंदा वर्गात मी हा प्रसंग आवाज बंद करून दाखवला आणि मग तोच पुन्हा आवाजासह. ‘वादकाला सगळे दिसते आहे हे आपल्याला आधी ठाऊक नसते तर?’ असे विचारले. मागच्या बाकावरची, एरवी फारशी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, ‘मग सर, तो नुसता पियानो झाला असता.’ तिच्या लघुपटातही एक प्रेत आहे. मी या वेळी ते काढायला सांगितलेले नाही. दार कोणाला आधी दिसणार, एवढेच विचारले आहे.