पाण्याची विद्युतवाहकता

पाण्यातून वीजप्रवाह किती सहज जातो याचे माप. शुद्ध पाणी विजेचे फारच दुबळे वाहक आहे. त्याच्या रेणूंपैकी अत्यल्प रेणूच हायड्रोजन व हायड्रॉक्सिल आयनांत विभागलेले असतात. त्यामुळे 25° से. तापमानाला शुद्ध पाण्याची वाहकता दर सेंटिमीटरला अवघी 0.055 मायक्रोसीमेन्स भरते. फ्रीड्रिख कोलराउश व आडोल्फ हायडवायलर यांनी 1894 मध्ये पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन केलेल्या पाण्यावर अशी मोजणी केली. विहिरीच्या पाण्यातून वीज वाहते ती विरघळलेल्या क्षारांमुळे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे धन आयन आणि बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेटचे ऋण आयन विरुद्ध दिशांना सरकतात, तोच हा प्रवाह. पावसाच्या पाण्याची वाहकता साधारणतः काही दशक मायक्रोसीमेन्स, दख्खनच्या बेसाल्टातील विहिरींची काही शे ते दोनेक हजार, तर समुद्राची सुमारे 50,000 असते. तापमान अंशाने वाढले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून मोजलेला आकडा 25° से.ला जुळवून देतात.

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यात हा विषय पाणी शोधण्याशी थेट जोडलेला आहे. सोलापूर–हैदराबाद मार्गावरच्या या अवर्षणप्रवण भागात काळ्या मातीखाली बेसाल्टाचे थरावर थर आहेत. अखंड काळ्या पाषाणात पाणी साठत नाही. ते मुरमात, फटींत आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात सापडते. कोरडा, अखंड पाषाण वीज जवळजवळ अडवतो, तर पाण्याने भरलेला फुटका खडक ती वाहू देतो. विद्युतरोध सर्वेक्षण या फरकावर उभे आहे. जमिनीत एका ओळीत चार खुंट्या रोवून बाहेरच्या दोनांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोनांमधले विभवांतर मोजतात. बाहेरच्या खुंट्यांमधले अंतर वाढवत नेले की प्रवाह अधिक खोल जातो आणि थरांचा अंदाज येतो. नारळ किंवा काडी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याच्या शब्दावर बोअरचा खर्च करणाऱ्या शेतकऱ्याला ही मोजणी पुष्कळ भरवशाची ठरते. मात्र रोध कमी म्हणजे पाणी हमखास, असे नाही. चिकणमाती आणि खारट पाणीही रोध कमी दाखवतात. म्हणून जवळच्या विहिरींचे थर ठाऊक असलेल्या भूवैज्ञानिकानेच आकडे वाचावेत.

याच भूमीत विजेने फार खोलवरचा शोधही घेतला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर परिसरात हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत 617 मी. खोल छिद्र घेतले. त्यात बेसाल्टाची जाडी सुमारे 338 मी. आढळली. संस्थेच्या संशोधकांनी पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी मोजूनही पाहणी केली. तिच्यात भूकंपकेंद्राखाली सुमारे 6 ते 10 किमी. खोलीवर सुवाहक पट्टा दिसला. खडकांच्या भेगांत अडकलेल्या द्रवामुळे तो सुवाहक असावा, असा अर्थ संस्थेतील हर्ष गुप्ता व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये लावला. भेगांतल्या द्रवाचा दाब खडक सरकण्यास साहाय्य करू शकतो, म्हणून या निष्कर्षाला महत्त्व आहे.

घरोघरी वापरला जाणारा टीडीएस मीटर खरे तर वाहकताच मोजतो आणि तिला साधारण 0.5 ते 0.7 ने गुणून लिटरमधल्या विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम दाखवतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा 500, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2,000 आहे. क्षार कोणते हे मीटर सांगत नाही; नायट्रेट वा फ्लोराइड घातक पातळीवर असले तरी आकडा निरुपद्रवी दिसू शकतो. शुद्धीकरण यंत्रे विकणारे काही जण पाण्यात लोखंडाचे दांडे बुडवून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झाले की ते दूषित असल्याचे सांगतात. हा रंग विरघळणाऱ्या लोखंडाचा असतो. आरओचे पाणी फारशी वीज वाहू देत नाही म्हणून ते स्वच्छ राहते. या प्रयोगाने पाण्याचे पिण्यायोग्य असणे ठरत नाही.

पाण्याच्या वाहकतेचा विजेच्या सुरक्षिततेशीही संबंध आहे. ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला स्पर्श करणे प्राणघातक ठरू शकते, कारण कोरड्या कातडीचा रोध ओलीमुळे व घामातल्या क्षारांमुळे झपाट्याने घटतो. विहिरीवरच्या मोटारीच्या अर्थिंगसाठी खड्ड्यात कोळसा व मीठ घालून पाणी ओततात, तेही क्षारयुक्त ओल टिकावी म्हणून. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, ओल खाली जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो; त्या महिन्यांत खड्ड्यात नियमित पाणी घालणे आणि रोध मोजून घेणे आवश्यक असते.