कोयना, किल्लारी आणि आपल्या भिंती

भूकंपाविषयी शास्त्रज्ञाने बोलावे असे आपणांस वाटेल, आणि ते वाजवीच आहे. भूगर्भात काय घडते हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. आमचा जन्म हमाल, मापाडी, गवंडी आणि वीटभट्टीवरचे मजूर यांच्या सभांत गेला. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाने दिले. परंतु भूकंपांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. त्या इतिहासाचा निम्मा भाग जमिनीखालचा असला तरी निम्मा जमिनीवरचा आहे. घर कोणी बांधले, कशाने बांधले, कोणासाठी बांधले, आणि पडल्यावर ते कोणाच्या विचाराने पुन्हा उभे राहिले, हा तो जमिनीवरचा भाग. तो मात्र आमच्या ओळखीचा आहे.

हा विषय कळवणकरांना परका नाही. आपल्याच तालुक्यात दळवट आणि आसपासच्या गावांत सौम्य धक्के अनेकदा जाणवले आहेत आणि नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेत त्यांची नोंदही झाली आहे. अशा वेळी मांडणीवरची भांडी वाजतात, माणसे अंगणात येतात, घटकाभर बोलतात आणि परत निजतात. काही पडले नाही म्हणजे काही झाले नाही, असा आपला समज असतो. कोयनेच्या आणि किल्लारीच्या लोकांचाही तो तसाच होता.

कोयनेपासून आरंभ करू. सह्याद्रीच्या कुशीत १०३ मीटर उंचीचे ते धरण उभे राहिले आणि १९६२ च्या सुमारास त्यात पाणी साठू लागले. त्यानंतर त्या खोऱ्यात लहान-लहान हादरे जाणवू लागले. दख्खनचे पठार हे जुने, घट्ट, न हलणारे, असे त्या काळी मानले जाई. देशाच्या भूकंप-नकाशात या भागाला शून्य क्रमांकाचा पट्टा दिलेला होता. १९६७ च्या सप्टेंबरात पाचाच्या वरचा एक धक्का बसला. तीन महिने गेले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ मापाचा भूकंप झाला. १७५ हून अधिक माणसे दगावली, २,००० हून अधिक जखमी झाली. कोयनानगरातील शंभरांपैकी ऐंशीहून अधिक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. वीज तुटल्यामुळे मुंबईचे कारखाने थबकले, आणि आपल्या यंत्रांचे चाक कोणत्या खोऱ्यातल्या माणसांच्या भरवशावर फिरते, हे शहराला त्या दिवशी कळले.

आता एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. धरणाला वरच्या अंगास आडव्या भेगा गेल्या, पण धरण उभे राहिले. ते फुटते तर खालच्या खोऱ्याचे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. ते का टिकले? नकाशा शून्य म्हणत असतानाही आराखडा करणाऱ्यांनी भूकंपाचा थोडा हिशेब धरला होता. धरणाच्या वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका आडवा रेटा लागेल, असे मानून भिंत आखली होती. धक्का त्याहून पुष्कळ मोठा आला. तरी धरलेला हिशेब अगदीच वाया गेला नाही. पुढे भेगा बुजविल्या आणि पाठीमागून टेकू देऊन भिंत बळकट केली. परंतु धरणावर खपणारी माणसे ज्या दगडी घरांत झोपत, त्यांच्या भिंतींना एकमेकींशी जखडणारे काही नव्हते. दगड त्याच डोंगराचा, हातही त्याच मजुरांचे. एका भिंतीसाठी हिशेब झाला होता, दुसरीसाठी झाला नव्हता.

कोयनेने शास्त्राला धडा दिला. मोठ्या जलाशयाचा आणि भूकंपाचा संबंध जगभर अभ्यासला जाऊ लागला, आणि त्या अभ्यासात कोयनेचे नाव अग्रभागी राहिले. १९७० साली नकाशातला शून्य पट्टा काढून टाकण्यात आला. पण नकाशा दिल्लीत बदलला, म्हणून मराठवाड्यातल्या गवंड्याच्या ओळंब्याला ते कसे कळावे?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून दमलेली गावे गाढ झोपेत असता पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर धरणी हादरली. सरकारी गणतीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, एकोंडी ही नावे त्या दिवसापासून महाराष्ट्राच्या काळजात रुतून बसली. हा मुलूखही नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आणि येथेही वर्षभर आधी, १९९२ मध्ये, किल्लारीच्या परिसरात हादरे बसले होते. लोक घाबरले, मग धक्के मंदावले आणि भीतीही ओसरली.

श्रोतेहो, दोन्ही भूकंप पहाटेचे, दोन्हींचे माप जवळजवळ सारखे. मग एकीकडे पावणेदोनशे आणि दुसरीकडे आठ हजारांच्या घरात मृत्यू, असे का? १९३४ साली बिहारात प्रचंड भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाचे फळ म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्या विचाराला जाहीर विरोध केला. गांधीजींनी तो विरोध आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला. पापाने धरणी हलत नाही, हे रवींद्रनाथांचे म्हणणे आम्हांस पटते. परंतु हललेल्या धरणीवर कोण मरतो, याचे उत्तर समाजाच्या रचनेत शोधावे लागते.

किल्लारीकडील गावे दाट वस्तीची, आणि घरे माळवदाची. दोन-अडीच फूट, क्वचित त्याहूनही रुंद भिंत; आत आणि बाहेर दगडाचे दोन थर, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना आरपार धरणारा लांब दगड सहसा नसे. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. पाऊस गळू लागला की माणूस वर आणखी माती टाकी. दर वर्षी घर थंड राही, कोरडे राही आणि जड होई. यात त्या माणसाचा गुन्हा नव्हता. उन्हाळ्यावर आणि गळतीवर त्याला परवडणारा उपाय तोच होता. त्या वेळी आम्ही ऐन विशीत होतो. मजुरांनी एका दिवसाची मजुरी काढून जमविलेले धान्य आणि घोंगड्या घेऊन गेलेल्या ट्रकबरोबर आम्हीही गेलो. दगडांच्या राशींतून कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या. लाकडाचा सांगाडा टिकला आणि भिंत माणसांवर आली, हे तेथे डोळ्यांनी पाहावयास मिळाले.

मदत अफाट आली. लष्कर आले, देशभरातून धान्य-कपडे आले. बघेही इतके आले की रस्ते तुंबले. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. जागतिक बँकेचे कर्ज घेऊन राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. जेथे गाव हलवावयाचे नव्हते, तेथे लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुती झाली. एवढे मोठे काम झाले, त्याचा मान दिलाच पाहिजे.

पण हिशेब पुरा मांडू. नव्या गावांत घर मिळाले ते शेतीच्या मापाने. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या बागाईतदाराला ७५०. भूकंपाने सर्वांना एकाच रात्री उघड्यावर आणले होते; कागदाने त्यांना पुन्हा आपापल्या पायरीवर नेऊन ठेवले. शहरासारखे रुंद रस्ते आणि सरळ ओळी आखल्या गेल्या. गाव ऐसपैस झाले, शेजार लांबला, गोठा कोठे आणि कडबा कोठे, याचा विचार थोडा झाला. घर पक्के होते, पण राहणाऱ्याचे हात त्याला लागले नव्हते.

दुरुस्तीच्या कामात निराळी रीत दिसली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांत बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, सिमेंट किती लागते, भिंतीच्या कोपऱ्यात सळई का घालावयाची, हे त्या स्वतः शिकल्या, दारोदार सांगू लागल्या आणि अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. आम्हांस युनियनच्या कामातून जे कळले तेच येथे दिसते. ज्याच्यासाठी काम चालले आहे तो मोजमापाला उभा राहिला, म्हणजे काम बरे होते आणि मागे टिकते. पुढे आठ वर्षांच्या आत, २६ जानेवारी २००१ रोजी, कच्छचा भूकंप झाला. तेथे पुष्कळ ठिकाणी पैसा घरमालकाच्या हाती टप्प्याटप्प्याने देऊन त्याचे घर त्यालाच बांधू दिले गेले, त्यामागे लातूरचा हा अनुभव होता.

आता आपल्याकडे वळू. आपल्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी बांधवांची कुडाची घरे हलकी असतात. धक्क्यात ती लवतात, पडली तरी माणूस सहसा वाचतो. कांद्याचे चार पैसे आले, सरकारी अनुदान आले, की कूड जातो आणि विटांची भिंत, वर स्लॅब येतो. पक्के घर हवेच. कोणी कुडातच राहावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण पक्के म्हणजे केवळ जड नव्हे. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली सळईचा काँक्रीट पट्टा चारी भिंतींभोवती फिरला पाहिजे, कोपरे बांधले गेले पाहिजेत. यास घराच्या खर्चाच्या मानाने थोडेच जास्त लागते. २००२ च्या नकाशात नाशिक शहर तिसऱ्या पट्ट्यात दाखविले गेले, हे आपल्या किती गवंड्यांना कोणी सांगितले?

२००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण आले. कायदा मागितल्याखेरीज कामाला लागत नाही, हा आमचा आयुष्यभराचा अनुभव आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. तालुक्यातल्या गवंड्यांना मजुरी बुडू न देता हे बांधकाम शिकवावे. घरकुलाचा हप्ता देताना पट्टा घातला की नाही, ते पाहावे, आणि पाहणाऱ्यांत त्या घरातली बाई असावी. शाळा आणि दवाखाना यांच्या भिंती आधी तपासाव्यात. ग्रामसभेत हे विषय लेखी मांडावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे.

पुढचा धक्का केव्हा आणि केवढा, हे आज कोणी सांगू शकत नाही. भिंत मात्र आज तपासता येते, आणि आपल्यातले कितीतरी जण या उन्हाळ्यात घर बांधावयास काढतील. त्यांनी पाया खणण्यापूर्वी गवंड्याला पट्ट्याचे विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.