सिल्वासाच्या मराठी वर्गासाठी बालसाहित्य : कोठे मिळेल, कसे वापरावे

दादरा आणि नगर हवेलीत मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गात बसणाऱ्या अनेक मुलांची घरची बोली वारली किंवा कोकणा असते. बाजारात गुजराती कानावर पडते, कारखान्यांच्या वसाहतींत हिंदी. पुस्तकातील प्रमाण मराठी या मुलांना परकी नसली तरी आपलीशीही वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत या प्रदेशाच्या ३,४३,७०९ लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. तेव्हा हा प्रश्न एखाद-दुसऱ्या शाळेपुरता नाही. पाठ्यपुस्तक धडे पुरवते. वाचनाची ओढ लावण्यासाठी गोष्टीची पुस्तकेच हवीत.

या कामाची मोठी परंपरा आपल्या सीमेलगत, डहाणू तालुक्यात आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम केले, म्हणजे गुजराती आणि मराठी बालशिक्षण तेव्हापासूनच एकमेकांना जोडलेले आहे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रानातच भरणारी कुरणशाळा, महागड्या साधनांऐवजी बिया, पाने आणि शिंपले, हे सारे तेथे वारली मुलांबरोबर आकाराला आले. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने एकदा तरी वाचावे. त्याच पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यातील सोनाळे येथे ‘क्वेस्ट’ ही संस्था आज काम करते. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात कलाकार बालपुस्तकांतील गोष्टी आदिवासी मुलांपुढे सादर करतात.

आता प्रत्यक्ष साहित्याकडे वळू. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. त्यातील मजकूर मोठ्या मुलांना अधिक मानवतो. तिसरी-चौथीला शिक्षकाने निवडून मोठ्याने वाचून दाखवावा. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ ही चित्रपुस्तके लहानांसाठी, तर ‘वाचू आनंदे’ हे संकलन शिक्षकाच्या टेबलावर कायम असावे असे. मराठी चित्रपुस्तकांतील घर पुष्कळदा शहरी असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. खानवेल किंवा मांदोनीच्या मुलाला सदनिका आणि उद्वाहक चित्रातूनच दाखवावे लागतात.

साहित्य अकादमीचा मराठी बालसाहित्य पुरस्कार २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांच्या ‘छंद देई आनंद’ला, २०२४ मध्ये भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला आणि २०२५ मध्ये सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला मिळाला. ग्रंथालयासाठी खरेदी करताना ही नावे उपयोगी पडतील; पण पुरस्कार हा पहिलीच्या वर्गासाठीचा निकष नव्हे.

आपल्या प्रदेशाला सर्वांत सोयीचे ठरेल ते प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर मराठी गोष्टी चार वाचनस्तरांत आहेत. मुक्त परवान्यामुळे मूळ लेखक-चित्रकारांचा नामनिर्देश करून त्या छापता येतात आणि त्यांचा अनुवादही करता येतो. म्हणजेच एखादी मराठी गोष्ट मुलांच्या मदतीने वारलीत उतरवून, देवनागरीत लिहून, वर्गातच तिचे पुस्तक करता येते. असे पुस्तक विकत मिळण्याची वाट पाहण्यात मुलाची पहिली तीन वर्षे निघून जातात, आणि वाचनाची सवय जडते ती नेमकी याच वर्षांत.

पद्धत साधी ठेवावी. गोष्ट आधी मराठीत सावकाश वाचावी, मग मुलांना ती घरच्या बोलीत सांगू द्यावी आणि त्या वेळी उच्चार सुधारण्याचा मोह आवरावा. सिल्वासातील आदिवासी संग्रहालयाची भेट गोष्टीला जोडून ठेवली तर उत्तम. तारपा किंवा मासे धरण्याची साधने समोर दिसली की अबोल मूलही नावे सांगू लागते. परतल्यावर फळ्यावर दोन रकाने आखावेत, एकात घरचा शब्द, दुसऱ्यात मराठी. पहिला रकाना मुलांना भरू द्यावा.