माल आपला, गिऱ्हाईक कुणाचं?

शहापुरात माझा कॉम्प्युटरचा वर्ग आहे. टायपिंग, टॅली, एमएस-सीआयटी, जे चालतं ते शिकवते. हल्ली बारावी झालेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, स्वतःची वेबसाइट काढली तर पैसे मिळतात का?" मिळतात. पण कुणाला मिळतात ते नीट सांगायचं तर मला नाणेघाटापासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर पोरांचं लक्ष मोबाइलकडे गेलेलं असतं. म्हणून लिहूनच काढते.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की टोकावडे मागे पडतं आणि वैशाखरे येतं. तिथून नाणेघाटाची वाट वर जुन्नरच्या पठारावर चढते. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने जुन्नर-पैठणकडे जात असे. वाट राखली सातवाहनांनी. घाटमाथ्याच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांत दान दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापण नाणी यांची भलीमोठी यादी आहे. जवळच एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. शाळेच्या सहलीत आम्ही सगळ्या मुली त्यात डोकावलो होतो. आत पावसाचं पाणी आणि वेफर्सची पाकिटं होती.

त्या लेखात राणी आहे, राजा आहे, देव आहेत, पुरोहितांची दक्षिणा आहे. पाठीवर गोणी घेऊन घाट चढणारा कुठेच नाही. आमच्या तालुक्यांचा व्यापारी इतिहास मला तरी इथून पुढे एकाच धाग्याने विणलेला दिसतो: माल एकाचा, वाट दुसऱ्याची, आणि पैसा वाटेवर बसलेल्याचा.

इंग्रजांनी वाट बदलली. रेल्वे १८५४ साली कल्याणला आली, पुढच्याच वर्षी वाशिंदला पोचली आणि १८६१ साली कसाऱ्याला. शहापूर तालुक्याला आसनगाव, आटगाव, खर्डी अशी स्टेशनं मिळाली. मुरबाडला रुळाचा तुकडाही मिळाला नाही. तिथला माल कल्याणपर्यंत रस्त्यानेच जायचा. लाकूड, कोळसा, गवत, भात सगळं मुंबईकडे उतरू लागलं. १८९२ साली तानसाचं धरण झालं आणि पाणीही निघालं. पुढे भातसा आलं. आजही उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात, आणि मुंबईची मोठी जलवाहिनी शेजारून जाते. हा विषय वेगळा आहे, पण तो सोडून पुढे जाववत नाही.

माझे वडील मुरबाडला एका भाताच्या आडतीवर दिवाणजी होते. शेतकरी गोणी आणायचा, वडील पट्टी लिहायचे: एकूण रक्कम, वजा तोलाई, वजा हमाली, वजा आडत, वजा मागची उचल. खालचा आकडा हातावर ठेवायचे. वडील प्रामाणिक होते, शेठही काही राक्षस नव्हता. पण भात कल्याणला कुणाला गेलं, तिथे काय भावाने गेलं, हे पट्टीवर कधी नसे. शेतकऱ्याला शेठ माहीत, शेठला गिऱ्हाईक माहीत. एवढ्या एका अंतरावर दोन पिढ्यांची दुकानं चालली.

कातकऱ्यांची गोष्ट याहून कडू. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळून, रस आटवून काताच्या वड्या पाडायच्या, ही त्यांची जुनी विद्या. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलं वाढत गेली आणि खैर तोडणं गुन्हा ठरू लागलं. विद्या राहिली, कच्चा माल गेला. मग ते ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर गेले, आणि जंगलतोड आटोपल्यावर वीटभट्टीवर. आमच्याकडे अजून दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला अख्खं कुटुंब भिवंडी-कल्याणकडे भट्टीवर जातं, शाळेतली पोरंही सोबत. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा. तो आमच्या ठाणे जिल्ह्यात राबवून घ्यायला १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला रस्त्यावर यावं लागलं.

भट्टीवर न गेलेले लोक शिकेकाई, डिंक, मध, मोहाची फुलं घेऊन आठवडे बाजाराला यायचे. सरळगावच्या बाजारात वजनाऐवजी मापाने सौदा होताना मी लहानपणी पाहिला आहे. एक पायली हे, त्या बदल्यात मीठ, मिरची, सुकट. म्हशाच्या जत्रेत तरी बैलांचा व्यवहार समोरासमोर व्हायचा. पौष पौर्णिमेला भरणारी ही जत्रा, घोंगड्यांची आणि गुरांची. तिथे बैल विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या गावाचं नाव विचारून ठेवत, पुढच्या वर्षी तोच माणूस शोधत येई. पण तिथेही रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारा दलाल मध्ये असायचाच.

ही साखळी तोडायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. माथेरानचे भाई कोतवाल आपल्याला सिद्धगडाच्या हौतात्म्यामुळे माहीत आहेत. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या त्या जंगलात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात पडले. त्याआधी याच कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्य बँक काढली होती. पावसाळ्यात खावटीसाठी सावकाराच्या दारात जायला लागू नये, म्हणून. विजेचे मनोरे पाडणारे कोतवाल पुस्तकात येतात, धान्य बँकवाले फारसे येत नाहीत. माझ्या दृष्टीने दुसरं काम जास्त अवघड होतं. पुढे सरकारने १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ काढलं, भाताची आणि वनोपजाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. भावाची हमी आली ही मोठीच गोष्ट. पण खरेदी केंद्र उघडायला उशीर झाला, की गरजेला माल पुन्हा गावातल्या दुकानदाराकडेच जायचा.

आता इंटरनेटकडे येते. १५ ऑगस्ट १९९५ ला ते मुंबईत सामान्यांसाठी सुरू झालं, आमच्याकडे नीट पोचलं ते २०१६ मध्ये स्वस्त डेटा आल्यावर. मी त्याआधीच एक वेबसाइट काढली होती. माहुली, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट: पायथ्याला कुठली एसटी जाते, पाणी कुठे मिळतं, कुठली वाट पावसात टाळायची. मराठीत लिहिली. पैसे गुगलच्या जाहिरातींतून यायचे होते, पण त्या जाहिराती तेव्हा मराठी पानांवर लागतच नव्हत्या. हिंदीला ते दार २०१४ च्या अखेरीस उघडलं, मराठीला आणखी काही वर्षांनी. मग तीच माहिती इंग्रजीतून लिहिली. जून ते ऑगस्ट वाचक यायचे, दिवाळीनंतर शुकशुकाट. शंभर डॉलर जमल्याशिवाय ही कंपनी खात्यात पैसे टाकत नाही, आणि शंभर डॉलर जमायला फार पावसाळे लागले. नवख्यांना हे आधी कुणी सांगत नाही. जाहिरातीच्या धंद्यात वाचक तुमचा, जाहिरातदार त्यांचा, आणि दर किती तेही तेच ठरवणार. माझ्या वडिलांनी ती पट्टी लगेच ओळखली असती.

पैसे आले ते वेगळ्याच बाजूने. गोरखगडाच्या पायथ्याशी देहरीत एक ओळखीच्या वहिनी ट्रेकर्सना जेवण करून द्यायच्या. त्यांचा नंबर मी पानाच्या तळाशी टाकला. शनिवारी त्यांचा फोन वाजायला लागला. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. डोंबिवलीची पोरं शुक्रवारीच ताटं सांगून ठेवायला लागली. मी ताटामागे दहा रुपये घेते. म्हणजे मीही रांजण मांडूनच बसले आहे, हे मला कळतं. फरक एवढाच की किती घेते ते आलेल्या माणसालाही सांगितलेलं असतं, आणि त्याचा नंबर वहिनींच्या वहीत असतो, माझ्याकडे नाही. उद्या त्यांनी मला वगळलं तरी त्यांचं चालेल. मला ते पटूनच ही व्यवस्था आहे.

आमच्या भागातलं याहून मोठं उदाहरण गुळवेलीचं. सुनील पवार हा कातकरी समाजातला तरुण आणि त्याचे दहा-बारा मित्र. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था, शहापूर, या नावाने त्यांनी जंगलातली गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला सुरुवात केली. २०१८ साली आलेल्या केंद्र सरकारच्या वनधन योजनेत त्यांचं केंद्र उभं राहिलं. एका केंद्रात साधारण तीनशे वनोपज गोळा करणारे असतात. गुळवेल आधी जवळच्या बाजारात गेली, मग मोठ्या दुकानांत, आणि दूरच्या गिऱ्हाइकासाठी संस्थेने स्वतःची वेबसाइट केली. कोरोनाच्या टाळेबंदीत माल हलवायला प्रवासाचे पास मिळवले. नेमकं तेव्हाच शहरात प्रत्येक जण गुळवेल शोधत होता. २०२१ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेला आकडा असा: डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी.

महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक कातकरी. त्यांची पोरं कंपनीशी थेट बोलतात, मध्ये शेठ नाही, हे मला नाणेघाटातल्या लेखापेक्षा महत्त्वाचं वाटतं. तरी हिशेब मांडूच. १ कोटी ५७ लाख भागिले साडेतीन लाख किलो म्हणजे किलोला ४५ रुपयांच्या आत. गुळवेलीच्या गोळ्यांची छोटी बाटली औषधाच्या दुकानात काय भावाने मिळते, ते वाचकांनी स्वतः बघावं. मोठी मागणी कंपनीचीच असते आणि कच्च्या मालाचा भाव कच्चाच राहतो. वेबसाइटचा खरा उपयोग मला इथे दिसतो. ती सगळा माल विकणार नाही. पण थोडा माल चूर्ण करून, आपल्या नावाच्या पाकिटात, खाणाऱ्याच्या हातात थेट गेला, तर आपल्या मालाची खरी किंमत किती हे विकणाऱ्याला कळतं, आणि कंपनीशी बोलताना तो आकडा त्याच्या खिशात असतो.

यूट्यूबवर सांगतात तसं हे एका रात्रीत होत नाही, आणि फुकटही नाही. वेबसाइटचं नाव नोंदवायला वर्षाला हजारभर रुपये. पैसे ऑनलाइन घ्यायची सोय पुरवणारे कार्डावर शेकडा दोनच्या आसपास कापतात. यूपीआयवर २०२० पासून दुकानदाराला ती कपात नाही. चूर्ण औषध म्हणून बनवून विकायचं तर आयुर्वेदिक औषध बनवण्याचा परवाना, लोणचं-पापड विकायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणी. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी बहुतेक वस्तूंना लागतेच. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकणं सोपं होतं खरं, पण गिऱ्हाइकाचा नंबर तिथे तुमच्या हाती लागत नाही. पार्सल, परत आलेला माल, पावसात भिजलेली पाकिटं यांवर स्वतंत्र लिहावं लागेल.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते, कारण ती आमच्या शेजारीच घडली. मुरबाड रस्त्यावरच्या एका रोपवाटिकावाल्याने ठाण्याच्या कुणा कंपनीकडून वेबसाइट करून घेतली. चांगली चालली. तीन-चार वर्षांनी पैशांवरून वाजलं, तेव्हा कळलं की वेबसाइटचं नाव कंपनीने स्वतःच्याच नावावर नोंदवलं होतं. गाडीवर, पिशव्यांवर, फलकावर छापलेला पत्ता एका दिवसात बंद. सातबारा आपल्या नावावर आहे की नाही हे तलाठ्याकडे चारदा विचारणारा माणूस, पण इथे विचारायचं त्याला सुचलं नाही, आणि सुचवायला कुणी नव्हतं.

तेव्हा वेबसाइट काढणार असाल, किंवा कुणाकडून काढून घेतली असेल, तर नोंदणीची पावती मागा. त्यावर मालक म्हणून नाव आणि ईमेल तुमचं आहे का ते वाचा. नसेल तर आधी ते बदलून घ्या, फोटो आणि रंग मग ठरवता येतात. आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, नंबर, त्याला विचारून, एका साध्या वहीत उतरवून ठेवा. कुणाला हे तपासायला मदत हवी असेल तर रविवार सोडून संध्याकाळी पाचनंतर मी वर्गात असते. त्याचे पैसे घेत नाही.