नेसणे आणि घालणे : नऊवारीचा प्रवास

वस्त्रांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी काटेकोर आहे. चोळी 'घालायची', शाल 'पांघरायची'. लुगडे मात्र 'नेसायचे'. 'नेसणे' या क्रियापदाचे नाते संस्कृतातील 'निवसन' या शब्दाशी आहे. न शिवलेले अखंड वस्त्र केवळ निऱ्या, ओचा आणि कासोटा यांच्या आधारे अंगावर स्थिर करण्याची विद्या या एका शब्दात साठविलेली आहे.

नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीच्या या वस्त्राला अंगाचे माप लागत नसे. नववधू, गर्भवती आणि वृद्धा या तिघींनाही तेच पुरे. कासोट्यामुळे शेतात वाकणे, ओझे वाहणे सुकर होई. जीर्ण झाल्यावर त्याचीच गोधडी शिवली जाई.

या वेशातील परिवर्तनही जुनेच. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी तेथील थंडीत पाय झाकले जावेत म्हणून गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. पुढे विसाव्या शतकात शाळा, कचेरी व शहरी राहणी यांबरोबर पाचवारी 'गोल' साडी मराठी घरांत रूढ झाली. त्यात खंत करण्यासारखे काही नाही. सोय पाहणे हा वेशाचा धर्मच होय.

सुरतेचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. येथील जर पैठणीच्या काठापदरांत चमकली, तर येथील यंत्रमागांनी कृत्रिम धाग्याची पाचवारी स्वस्त केली. याच कापडधंद्यात पोटापाण्यासाठी आलेली खानदेशी कुटुंबे गोडादरा, लिंबायत, उधना या भागांत स्थिरावली. लुगडे नेसणाऱ्या मातांचे पुत्र साड्या विणू लागले.

कोरियातील स्त्रियांचा 'हानबोक', म्हणजे आखूड 'जोगोरी' व घोळदार 'छिमा', हाही आता मुख्यतः विवाह व सणांपुरता उरला आहे. परंतु तो मुळातच शिवलेला वेश; त्याचे प्रसंग घटले, तरी अंगावर चढविण्याची रीत पालटली नाही. आपली गोष्ट निराळी. लग्नात वा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मिरविणारी आजची नऊवारी पुष्कळदा तयार शिवलेली असते. ती सुबक दिसते, क्षणात अंगावर चढते. पण ती 'घातली' जाते. रूप राहिले, विद्या गेली.

शब्दकोशातील 'नेसणे' ग्रंथालय जपेल. हातातले नेसणे मात्र घरच्या आजीकडूनच शिकावे लागेल. आणि अशा आज्या आता थोड्याच राहिल्या आहेत.