बूड, आगोट आणि दर्यावर्दीचे घर

मराठ्यांच्या आरमारावरच्या लेखनात तोफा पुष्कळ वाजतात. गलबताच्या बुडावरचे शेवाळ कोणी खरवडले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक जहाजाचा वेग शिडाइतकाच बुडावर अवलंबून. उबदार पाण्यात थोड्याच आठवड्यांत फळ्यांवर शेवाळ धरते, त्यावर शिंपले बसतात आणि वारा असूनही जहाज जडावते. त्याहून वाईट लाकूड पोखरणारा किडा. म्हणायला किडा, पण तो शिंपल्यांच्याच कुळातला. बाहेर छिद्र टाचणीएवढे, आत बोटभर जाडीची भुयारे.

उपाय एकच : नाव कोरडी करणे. उधाणाच्या भरतीला ती वर घ्यायची, ओहोटीत बूड उघडे पडले की खरवडायचे, पेटत्या झावळ्यांचा शेक द्यायचा, चुना आणि चरबीचा लेप चढवायचा. वरच्या फळ्यांना माशाचे तेल.

कोकणात या कामाचा मोठा हंगाम पावसाळ्याने ठरवून दिला होता. आगोट आली की दर्या बंद. तारवे वर ओढून झापांनी शाकारली जात. त्याच सुमारास घरेही. आपल्याकडच्या गलबतांवर बायकामुलांचा संसार सहसा नसे. नावच वर्षातून एकदा घराशी येई आणि तिच्याबरोबर खलाशी. तिचे आजारपण हेच घराचे सुख! आज पिंपरीच्या वल्लभनगर स्थानकातून कोकणी कामगार गणपतीला गावी निघतात. दर्यावर्द्यांचे पंचांग याच्या उलटे : त्यांच्या घरातला पुरुष नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराची पावसाळी छावणी दरसाल वेगळ्या बंदरी करावी, असे सांगितले आहे. कितीही शिस्त ठेवली तरी आरमारी लोकांचा रयतेला उपद्रव होतो, हे त्यामागचे कारण. रिकामी जहाजे आणि रिकामे खलाशी चार महिने एका गावावर पडले तर काय होते, हे अमात्यांना ठाऊक होते. जहाजबांधणीसाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, अशी ताकीद देणारा ग्रंथही हाच.

विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडीत खडक कोरून केलेली गोदी आंग्र्यांच्या आरमाराशी जोडली जाते. तिथे उभे राहिले की बुडाची निगा ही केवळ नाखव्याची नव्हे, राज्याचीही चिंता होती, हे पटते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. खोल समुद्रात नव्हे, किल्ल्याच्या आसऱ्याला, नांगरावर.

त्याआधीच, १७५० च्या सुमारास, मुंबईत सुकी गोदी झाली होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले होते. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या जहाजाचे बूड तांब्याच्या पत्र्याने मढवून पाहिले. किडा आत शिरेना, शिंपले टिकेनात. फक्त तांब्याच्या सहवासात लोखंडी खिळे खारट पाण्यात झिजू लागले. तो दोष दूर व्हायला बरीच वर्षे गेली. पण मढवलेले जहाज समुद्रावर जास्त काळ राहू लागले, आणि माझ्या मते खलाशाचे घर जहाजाच्या पंचांगातून सुटले ते इथे.

कोकणातल्या छोट्या होड्यांना ते तांबे परवडणारे नव्हते. आता ते रंगाच्या डब्यातून येते : बुडाला लावायच्या अनेक रंगांत तांब्याचे संयुग असते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर येतात, बुडे खरवडली जातात, आणि १ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेची वाट न पाहता, पुष्कळशा बाहेर पडतात.